शिरसाठांच्या घरी आग्रह बंद

डब्लिनला पोचल्यावर उपेंद्र शिरसाठ यांनी पहिला निर्णय घेतला, तो पायातले बूटसुद्धा न काढता.

"वृंदा, इथे कुणाला जेवायचा आग्रह करायचा नाही."

वृंदाबाई बॅगेतून पोळपाट काढत होत्या. त्या तशाच थांबल्या. "आग्रह नाही करायचा? मग माणसं जेवायला बोलवायची कशाला?"

प्रश्न बिनतोड होता, म्हणून उपेंद्रराव बूट काढायला लागले.

नगरच्या ख्रिस्ती मंडळीनं या दोघांना निवृत्तीनंतर दीड वर्षासाठी ज्येष्ठ मिशनरी म्हणून आयर्लंडला धाडलं होतं. (पूर्वी गोरे मिशनरी बोटीत बसून नगरला यायचे. आता नगरनं परतफेड सुरू केली म्हणायची.) डब्लिनच्या ओंगार या उपनगरात चर्चनं एक घर घेऊन दिलं होतं आणि काम एकच, पण जोखमीचं. दर गुरुवारी संध्याकाळी तरुण मुलामुलींना घरी जेवायला बोलवायचं. घरापासून लांब, भाड्याच्या खोल्यांत राहणारी, टोस्टवर दिवस काढणारी पोरं. वृंदाबाईंनी त्यांना गरम जेवू घालायचं आणि उपेंद्ररावांनी चार शब्द देवाचे सांगायचे. पोरं जेवणासाठी येतात हे वृंदाबाईंना ठाऊक होतं. उपेंद्ररावांना वाटायचं, ती चार शब्दांसाठी येतात.

निघण्याआधी दोघांना कॉम्प्युटरवर प्रशिक्षण मिळालं होतं. त्यात एका टाय लावलेल्या माणसानं बजावलं होतं, की तिकडे 'नो' म्हणजे 'नो'. पुन्हा विचारलं, तर समोरच्याचा अपमान होतो. उपेंद्ररावांची सगळी नोकरी जिल्हा परिषदेच्या शिक्षण खात्यात गेलेली. वरून आलेलं परिपत्रक आणि पवित्र शास्त्र यांत त्यांना फारसा फरक वाटत नसे (हे नगरच्या चर्चमधल्या पाळकसाहेबांना सांगू नका). त्यामुळे घरात कायदा लागू झाला. नियम म्हणजे नियम.

पहिल्या गुरुवारी वृंदाबाईंनी मटणाचा रस्सा, पुऱ्या आणि मसालेभात असा बेत केला. घर माणसांनी भरलं. उपेंद्ररावांची जेवणाआधीची प्रार्थना कढईतल्या पुऱ्यांसाठी जरा लांबलीच म्हणायची. कढई दोनदा गरम करावी लागली. मग वाढप सुरू झालं. कॉनर नावाचा दांडगा लाल केसांचा पोरगा होता, त्याची पहिली वाढ बघता बघता साफ झाली. वृंदाबाईंनी रश्श्याचा डाव उचलला.

"घे रे बाळा."

"आह नो, आय ॲम ग्रँड," कॉनर म्हणाला. 'नको, पुरे'ला इथली माणसं असंच म्हणतात.

डाव सवयीनं पुढे निघाला होताच. उपेंद्ररावांनी तो वरच्या वर धरला. "वृंदा! नो म्हणाला तो."

पातेलं आत गेलं. कॉनरची नजर पातेल्याबरोबर स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेली आणि एकटीच परत आली.

शेजारी क्षितिजा बसली होती. ही मूळची पुण्याची, कॉम्प्युटरच्या चिप बनवणाऱ्या कारखान्यात इंजिनिअर. चर्चशी तिचा काडीचा संबंध नव्हता, ती रश्श्याच्या वासावर आली होती. तिनं "नको काकू, पुरे" म्हणून ताटावर हात आडवा धरला, पण बोटं अशी फाकवून की मधून आरामात दोन डाव रस्सा जावा. वृंदाबाईंना ती बोटं कळली. उपेंद्ररावांना फक्त हात दिसला.

"पुरे म्हणतेय ती. जबरदस्ती नको."

मग काय, पुढचे कितीतरी दिवस शिरसाठांच्या घरी सकाळ-संध्याकाळ मटण. उपेंद्ररावांनी खात्याच्या पद्धतीनं कारणमीमांसा केली. "तिखट जास्त होतंय. पोरांना सोसत नाही."

पुढच्या गुरुवारी मिरची निम्मी झाली. पोरं पुन्हा 'ग्रँड' म्हणाली. त्याच्या पुढच्या गुरुवारी मसालाच गेला. नंतर लसूण गेला. शेवटी वृंदाबाईंवर उकडलेले बटाटे आणि उकडलेला कोबी वाढायची पाळी आली. त्यालाही पोरं 'ग्रँड'च म्हणाली, फक्त या खेपेला मनापासून. येणारी तोंडं कमी होत चालली.

बातमी चर्चमध्ये पोचली. पास्टर डेरमट भला माणूस, चहाला आला आणि हळूच म्हणाला, "वृंदा, उगाच किती दमतेस! पुढच्या महिन्यापासून आपण पिझ्झाच मागवत जाऊ."

तो जाईपर्यंत वृंदाबाई हसत राहिल्या. दार लागलं आणि त्यांच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

"पिझ्झा! माझ्या घरात, मी असताना! अहो, मला ना धड इंग्रजी येत, ना तुमच्यासारखं प्रवचन. मला एवढं एकच येतं. तेही नको असेल, तर मी इथे करू काय? जाऊ या आपण परत नगरला."

उपेंद्रराव हादरले. बायकोला मुळूमुळू रडताना पाहायची त्यांना सवय नव्हती. ती रडली तर धाय मोकलून रडायची. "अगं, या महिन्याचे अजून दोन गुरुवार आहेत," एवढंच ते म्हणाले.

"दोनच ना? शेवटच्याला पास्टरलाही बोलवा. बघू दे त्यालाही, कशी हरते मी ते."

पण त्याआधी त्या आठवड्याचं जेवण व्हायचं होतं. तेही कोबीबटाट्यातच उरकलं. पोरं लगबगीनं बाहेर पडली आणि उपेंद्ररावांना दाराशी एक जड पिशवी दिसली.

"वृंदा, कुणीतरी पिशवी विसरलं!" असं म्हणून ते पिशवी घेऊन चपलांवरच धावत सुटले. पोरं लांब गेली नव्हती. कोपऱ्यावरच्या चिप्सच्या दुकानात, ज्याला इथे चिपर म्हणतात, सगळी टेबलाभोवती बसून दुष्काळातून आल्यासारखी खात होती. क्षितिजाच्या तोंडात अख्खा सॉसेज होता.

"काका!" ती कशीबशी म्हणाली.

"तुमचं पोट भरलं होतं ना?"

"नाही ना काका. कडाडून भूक लागलीय."

"मग मघाशी नको का म्हणालीस?"

क्षितिजा त्यांच्याकडे बघतच राहिली. "काका, पहिल्यांदा विचारल्यावर कुणी हो म्हणतं का? आई काय म्हणेल माझी! निदान दोनदा तरी नको म्हणायचं असतं. तुम्ही नगरचे ना?"

"मी नगरचा आहे, पण हा तर इथला आहे!" उपेंद्ररावांनी कॉनरकडे बोट दाखवलं. "याचा नो म्हणजे नो!"

काय चाललंय ते क्षितिजानं कॉनरला सांगितलं. तो लाजून केसांहून लाल झाला. "माझ्या आजीनं शिकवलंय," तो म्हणाला. "पहिल्यांदा नो म्हणायचं, दुसऱ्यांदाही नो म्हणायचं. तिसऱ्यांदा 'बरं, अगदी थोडंसं' म्हणायचं. पहिल्याच फटक्यात येस म्हटलं, तर लोक म्हणतील याला घरी उपाशी ठेवतात. पण तुम्ही कधी दुसऱ्यांदा विचारलंच नाही. वर दर आठवड्याला जेवण साधं साधं होत गेलं. आधी मसाला गेला, मग मटण गेलं..." तो अडखळला.

"म्हणून?"

"म्हणून आम्हाला वाटलं, तुमची परिस्थिती जरा ओढगस्तीची आहे."

उपेंद्ररावांनी हातातली पिशवी उघडून पाहिली. बीन्सचे डबे, पाव, चहापत्ती, पास्ता. ती कुणी विसरलं नव्हतं. ती त्यांच्यासाठीच ठेवलेली होती.

एवढ्या मोठ्या खात्यातून सन्मानानं निवृत्त झालेला माणूस, देवाच्या कामाला परदेशी आलेला, आणि पोरांनी त्याला शिधा घातला होता! उपेंद्ररावांना धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. त्यांनी पिशवी पुढे केली. "नको, नको. आम्हाला याची खरंच गरज नाही."

पोरांनी एकमेकांकडे समजूतदारपणे पाहिलं. "ठेवा काका," क्षितिजा म्हणाली.

"अगं, नको म्हणतोय ना!"

"दोनदा झालं," कॉनर गंभीरपणे म्हणाला आणि त्यानं पिशवी त्यांच्या छातीशी घट्ट टेकवली.

घरी आल्यावर उपेंद्ररावांनी सगळं जसंच्या तसं सांगितलं. वृंदाबाई हसत सुटल्या. "म्हणजे माझ्या हाताची चव गेली नव्हती तर," त्या म्हणाल्या. पदरानं डोळे पुसले आणि फडताळातून (त्याला इथे प्रेस म्हणतात) काळ्या मसाल्याची बरणी बाहेर काढली. रिकाम्या झालेल्या जागी बीन्सचे डबे गेले.

महिन्याच्या शेवटच्या गुरुवारी शिरसाठांच्या घरी आग्रहाचा पूर आला. "घे रे, तुला माझी शपथ!" "एवढीशी पुरी, ती काय मी परत पिठात घालू?" कॉनरनं 'ग्रँड'चा ग काढायच्या आत रस्सा ताटात पडत होता. क्षितिजा बोटं फाकवायची तसदीच घेईना. पास्टर डेरमटनं तर खरोखरचं नको म्हणून पाहिलं, कळवळून म्हणून पाहिलं, पण आयरिश माणूस असल्यामुळे त्याच्यावर कुणी विश्वास ठेवला नाही. शेवटी पट्टा सैल करून तो खुर्चीत मागे रेलला.

"पिझ्झाचं राहू दे," तो क्षीण आवाजात म्हणाला. "पुढच्या गुरुवारी काय आहे?"

वृंदाबाईंचा चेहरा असा उजळला, की उपेंद्ररावांना नवरा म्हणून भारी अभिमान वाटला. ते सगळा वेळ पुऱ्या पोचवत होते, स्वतः अजून जेवले नव्हते. वृंदाबाईंनी पातेलं तिरपं केलं. तळाशी शेवटची वाढ उरली होती. त्यांनी ती डावात घेतली.

"अहो, तुम्हाला वाढू?"

पोटात कावळे कोकलत होते. पण चारचौघांत, पास्टरसमोर, घरच्या यजमानानं एकदम हो कसं म्हणायचं? उपेंद्रराव संकोचून हसले. "नको, नको. आधी मुलांना होऊ दे."

"नो म्हणजे नो," वृंदाबाई म्हणाल्या आणि तो डाव कॉनरच्या ताटात रिता झाला.

सगळे गेल्यावर उपेंद्ररावांनी मुकाट्यानं प्रेस उघडलं, बीन्सचा एक डबा फोडला आणि पावाबरोबर खायला बसले. वृंदाबाई समोर येऊन बसल्या. त्यांनी दुसरा डबा हातात धरला.

"अजून थोडे देऊ?"

"हो," उपेंद्रराव म्हणाले. पहिल्याच फटक्यात.