परातेजी आणि पोटॅशियम

आपल्या नंदनवन वस्तीतल्या घरासमोर परातेजी राहतात. ते कुणाला "कसे आहात" असं विचारत नाहीत. "रीडिंग काय म्हणते?" असं विचारतात. मग सोडियम, पोटॅशियम, कॅल्शियम, जे तपासलं असेल ते सांगायचं. काहीच तपासलं नसेल तर "मग फिरून काहून राहिले?" म्हणतात आणि आपला चेहरा निरखू लागतात.

पोरांनो, त्यांना हसू नका. त्यांचे वडील हातमागावर लुगडी विणत. ते स्वतः वीज खात्यात मीटर रीडर होते. आयुष्यभर लोकांच्या भिंतीवरचे आकडे वाचले, आणि निवृत्त झाल्यावर बायकोच्या, सुशीलाबाईंच्या, किडन्या बिघडल्या. मीटर घरातच आलं.

डॉक्टर म्हणाले, मीठ कमी करा आणि पोटॅशियम तर फारच सांभाळा. किडनी ते बाहेर टाकत नाही, रक्तात साठलं की हृदय थांबू शकतं. झालं. परातेजी बटाटे सोलून, चिरून कोमट पाण्यात भिजवायचे, पाणी फेकायचे, पुन्हा भिजवायचे. विचारलं तर म्हणायचे, "पोटॅशियम धुऊन राहिलो."

सुशीलाबाई आतून म्हणायच्या, "बटाट्याची दोनदा आंघोळ झाली जी. आता मले जेवू द्या."

संत्र्यातही पोटॅशियम, म्हणून नागपुरात राहून त्यांनी संत्र्याशी वैर धरलं. ठेलेवाला फाटकापाशी थांबला की हे बाहेर येत. "पुढे घे गा गाडी. इथं किडनी आहे."

बिनमिठाच्या वरणाला मात्र सुशीलाबाई कंटाळल्या. घास तोंडात धरून बसायच्या. एका सकाळी परातेजी मिठाचं एक महागडं पाकीट घेऊन माझ्याकडे आले. "मॅडम, इंग्रजी आहे. जरा वाचा."

मी मोठी अक्षरं वाचली. सोडियम कमी असलेलं मीठ, हृदयाला हितकारक.

"मंग पक्कं," ते म्हणाले, आणि जवळजवळ पळतच घरी गेले. त्या दिवशी सुशीलाबाई दोन पोळ्या जेवल्या, हे सांगायला ते संध्याकाळी परत आले.

तिसऱ्या आठवड्यात सुशीलाबाईंचे पाय उचलेनात. नाडी मंदावली. दवाखान्यात रक्त तपासलं, पाचच्या आसपास हवं ते पोटॅशियम सातला टेकलं होतं. डॉक्टरांनी खाण्यापिण्याची चौकशी केली, तसं परातेजींनी पिशवीतून ते पाकीट काढलं, जरा अभिमानानेच. डॉक्टरांनी ते उलटून पाहिलं. सोडियम कमी करून त्या जागी पोटॅशियम घातलेलं होतं. किडनीच्या रुग्णांनी वापरू नये, असं मागे बारीक अक्षरात छापलेलं होतं.

"हे द्यायला कोणी सांगितलं?"

मी शेजारीच उभी होते.

"कोणी नाही जी," परातेजी म्हणाले. "माहीच अक्कल."

मी काही बोलले नाही. पोरांनो, तुमच्या या आजीबद्दल, माझ्याबद्दल, हेही तुम्हाला ठाऊक असावं. डायलिसिस सुरू केलं, पण दुसऱ्या दिवशी दुपारी सुशीलाबाईंचं हृदय थांबलं.

तेरवी झाल्यावर मी त्यांच्याकडे गेले. ते बटाटे चिरत होते, एकट्यापुरते. पाण्यात टाकत होते. मी म्हटलं, "परातेजी, मी मागची बाजू वाचली नाही."

"माहीत आहे ना मले," ते सुरी न थांबवता म्हणाले. "तुमचा चष्मा टेबलावरच होता. मी पाहून राहिलो होतो."

"मग म्हणाला का नाहीत?"

त्यांनी पाण्यातल्या फोडी खालीवर केल्या.

"तुम्ही मास्तरीण. तुम्हाले चष्मा लावा म्हणणं बरं दिसलं नाही."