समोरच्या फलाटावर जाण्याचा अधिकृत मार्ग

आमच्या भागातल्या उन्नत रेल्वे स्थानकाला दोन फलाट आहेत आणि ते एकमेकांसमोर आहेत. हे मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहून लिहितो आहे. तरी चूक माझीच असू शकते.

माझी थोरली बहीण नातीचं पहिलं जाहीर गाणं ऐकायला निघाली आणि कानाचं यंत्र माझ्या टेबलावर विसरली. यंत्र खिशात घालून मी मागोमाग धावलो आणि चुकीच्या जिन्याने वर गेलो. दोन्ही जिन्यांवर ‘सर्व दिशांकडे’ अशीच पाटी आहे, त्यामुळे पाटीला दोष देता येत नाही.

ताई समोरच्या फलाटावर उभी होती.

“ताई, यंत्र!” मी ओरडलो.

“नुसतं तोंड काय हलवतोस? आवाज काढ की, गाढवा!” हे मात्र सगळ्या स्थानकाला ऐकू गेलं.

मी यंत्र फेकण्यासाठी हात उचलला, तसा सुरक्षारक्षक पुढे आला.

“काका, रुळांवरून वस्तू नेणं हे रेल्वेचं काम आहे. तुम्ही जोडबसने जा, म्हणजे स्थानकाला आसपासच्या भागाशी जोडणाऱ्या बसने. खाली उतरा, बस धरा, पलीकडच्या जिन्याने वर या.”

“पण हा पलीकडे जायचा पूल आहे ना?” पुलाच्या दाराला कुलूप होतं.

“बंद केला. लोक त्यावरून नुसते चालत जायचे. चालणारा माणूस जोडणीत मोजला जात नाही. जोडबस रिकामी फिरायला लागली, साहेबांना वरून विचारणा झाली. आता बघा, बसमध्ये पाय ठेवायला जागा नाही. लोकांना जोडणीची केवढी गरज होती!”

मला ते पटलं. मला बहुतेक गोष्टी पटतात.

जोडबस इस्पितळ, बाजार आणि डेपो अशी फिरून पलीकडच्या जिन्याशी आली. मी धापा टाकत वर पोचलो, तर ताई मघाच्या माझ्या फलाटावर उभी!

“हात करून बोलावलंस म्हणून गाडी सोडून जोडबसने इकडे आले, आणि पळालास कुठे?”

मी ‘तिथेच थांब’ अशी खूण केली आणि लगेच जिना उतरलो. खाणाखुणांत मी लहानपणापासून कच्चा. पुन्हा समोरासमोर आलो, तेव्हा फक्त फलाट बदलले होते.

मग मी ठरवलं, आता आपण हलायचं नाही. ताईनेही तेच ठरवलं. आम्ही सख्खी भावंडं आहोत.

तेवढ्यात रक्षकाचे साहेब माझ्या फलाटावर आले. “एकाच कुटुंबातून इतके जोडप्रवास! आदर्श प्रवासी!” त्यांनी माझ्याबरोबर फोटो काढून घेतला. ताईलाही फोटोत घ्या म्हटलं, तर म्हणाले, “त्या पलीकडच्या विभागात येतात.”

ताईचा फोन थरथरला. आजी पोचत नाही असं पाहून कुणीतरी सभागृहातून लावला असावा. तिने तो कानाशी धरला, डोळे मिटले आणि आपल्याच ठेक्यावर मान डोलवत राहिली.

“छान गातेय ना रे?” तिने ओरडून विचारलं.

मला काहीच ऐकू येत नव्हतं. मी जोरजोरात मान हलवली.

शेवटी यंत्र खिशातच ठेवून मी निघालो. बाहेर पडायच्या दाराशी ‘सेवा कशी वाटली?’ असं विचारणारी पेटी आहे. तिच्यावर एकच हिरवं बटण होतं.

“लाल कुठे आहे?” मी हळूच विचारलं.

“पलीकडच्या फलाटावर,” रक्षक म्हणाला. “जोडबसने जा.”

मी हिरवं दाबलं आणि ओशाळून मागे पाहिलं. म्हटलं, माझ्यामागे रांगेत उभे असलेले तुम्ही तरी पलीकडे जाऊन लाल दाबाल. पण तुमचं बोट आधीच पुढे आलं होतं.