आक्काताईंचा उजेडात झालेला सत्कार

वीज ही राष्ट्राची संपत्ती आहे. म्हणूनच ती सगळ्यांना सारखी मिळत नाही, हे कुठलाही जबाबदार अधिकारी शांतपणे समजावून सांगू शकतो. दोन हजार सहाच्या सुमाराला, भारनियमनाच्या दिवसांत, कोल्हापुरात ते रोज समजावलं जाई. पेपरात वेळापत्रक येई. वीज जाताना ते तंतोतंत पाळी. (येताना तिनं ते वाचलेलं नसे.)

आक्काताईंचा गल्लीच्या तोंडाला, पत्र्याच्या शेडमध्ये, चटणी कुटायचा डंक होता. एक मोटर, एक पट्टा, लोखंडी मुसळं. नवरा गेल्यापासून घर त्यावरच चालत होतं. उन्हाळ्यात वर्षाची चटणी कुटायला निम्मी पेठ तिथं येई. सुकी मिरची वाट बघत बसते, कांदा-लसूण बसत नाही. एकदा ओला घाणा उखळात पडला आणि मुसळं थांबली, की चटणी एका रात्रीत आंबते.

ती आंबली की दोष कुणाचा, याबद्दल शहरात मतभेद नव्हता. आक्काताईंचा. जनरेटर घ्यावा, असं बँकेतले साहेब सांगत (कर्ज मात्र जनरेटर असणाऱ्यांनाच देत). पहाटे उठावं, असं उशिरा उठणारे सांगत. दृष्टिकोन सकारात्मक ठेवावा, असं ज्यांच्या घरी इन्व्हर्टर होता ते सांगत. आक्काताई सगळ्यांना "व्हय की" म्हणत आणि दिवा कधी पेटतो ते बघत बसत.

अशा चिकाटीची दखल समाज घेतोच. उद्योजिका गौरव समितीचे अध्यक्ष गणपतराव स्वतः शेडवर आले.

"आक्काताई, अंधाराशी झुंज देणारी उद्योजिका म्हणून तुमचा सत्कार हाय. शनवारी संध्याकाळी यायचं."

"शनवारी संध्याकाळचीच लाईट हाय आमच्याकडं. कामं पडल्यात."

"कामं रोजचीच की ओ. सत्कार रोज हुतो का?"

हे पटण्यासारखं होतं. शिवाय आतून त्यांना बरंही वाटलं होतं; आजवर त्यांना कुणी खुर्ची दिली नव्हती. शनिवारी त्यांनी डंक शेजारच्या तानाबाईंवर सोपवला. उखळात प्रमोदिनीबाईंची चटणी होती. त्या हायस्कुलात शिकवत. लेक अवंतिका अमेरिकेला निघालेली, तिच्यासाठी. आक्काताई ठेवणीतलं लुगडं नेसून हॉलवर गेल्या.

हॉल लखलखत होता. पंखे, झुंबरं, व्यासपीठावर रंगीत दिवे. पहिल्या रांगेत प्रमोदिनीबाई. आक्काताईंच्या खांद्यावर शाल पडली तेव्हा सगळ्यांत जोरात टाळ्या त्यांनीच वाजवल्या. गणपतराव अंधारावर बोलत होते. ते रंगात आले असतानाच दारातून तानाबाई धापा टाकत आल्या, कोपरापर्यंत हात लाल.

"आक्का, लाईट गेली की! अर्धा घाणा उखळात हाय!"

आक्काताईंनी वरच्या झुंबराकडं बघितलं. "मग हितली कशी ऱ्हायली?"

गणपतरावांचा चेहरा अभिमानानं फुलला. माइकवरूनच त्यांनी सांगितलं, "सत्काराला अंधार नको, म्हणून वर बोलून खास व्यवस्था केलीया. तुमच्या बाजूची तेवढी बंद करून इकडची चालू ठेवली. तुमच्यासाठीच की!"

"मग ही बंद करा," आक्काताई म्हणाल्या. "आत्ता. माझी चटणी जातीया."

हॉलमध्ये हशा पिकला. कष्टकरी बाईचा विनोद असा रोखठोक असतो, असं एकजण शेजाऱ्याला म्हणाला. आक्काताईंनी शाल खुर्चीवर ठेवली आणि त्या तानाबाईंबरोबर चालत्या झाल्या. (बातमीत त्या 'भारावून निघून गेल्या' असं आलं.) शेडमध्ये कंदिलाच्या उजेडात दोघींनी हातानं कुटून बघितलं. घाणा मोठा होता. तिखटानं हात भाजले, चटणी आंबलीच.

सकाळी प्रमोदिनीबाई आल्या. "जमत नसेल तर धंदा करायचाच कशाला?" त्यांनी विचारलं. अवंतिकेनं अमेरिकेला पाकिटातली चटणी नेली. पुढच्या उन्हाळ्यात पेठेतली बरीच घरं पाकिटावर आली. आक्काताईंनी डंक भंगारात घातला आणि त्या चटणीच्या एका कारखान्यात पाकिटं भरायला जाऊ लागल्या. तिथं वीज जात नाही. कारखान्याला ती सलग मिळते. पाकिटावर उखळाशी बसलेल्या बाईचं चित्र आहे, खाली 'घरगुती डंकाची अस्सल चव'.

ते पाकीट तुमच्या स्वयंपाकघरात असेलच. जेवताना तुम्ही म्हणताही, की पूर्वीच्या चटणीची सर याला नाही, लोकांना आता कष्टच नकोत. म्हणत राहा. फक्त पंख्याचा आवाज बराच होतो, म्हणून जरा मोठ्यानं म्हणा.