यशवंतभाऊंचे मशीन आणि डावा डोळा

यशवंतभाऊ म्हात्रे यांनी आयुष्यात एकदा तरी ‘मशीन चुकलं’ असे म्हटले आहे काय, एवढ्याच प्रश्नाचे उत्तर मला येथे द्यावयाचे आहे. प्रश्न लहान आहे. उत्तर मिळायला मात्र शेजाराची एकवीस वर्षे लागली.

पेणमध्ये आमची घरे भिंतीला भिंत लागून आहेत. ते रोह्याच्या एका रासायनिक कंपनीत दाबमापके आणि तापमापके दुरुस्त करीत, तर मी रोह्याच्याच शाळेत विज्ञान शिकवीत असे. आता आम्ही दोघेही निवृत्त आहोत. त्यांच्या घरी चहाला गेलात, तर त्यांच्या पत्नी सुमनवहिनी कप बाहेर आणण्यापूर्वी यशवंतभाऊ स्वयंपाकघरात जाऊन प्रत्येक कपात तापमापक बुडवतात. पारा ठरलेल्या रेषेखाली उतरल्याशिवाय कप हलत नाही, आणि तो नेहमी अर्धाच भरलेला असतो. हा प्रकार गेल्या दोन वर्षांतला. त्यापायी आळीत त्यांना कंजूष ठरवण्यात आले आहे.

“सर, जीभ हा सेन्सर हाय,” ते मला समजावतात. “सेन्सर जाळायचा नसतो.”

त्यांच्या मते जगातील प्रत्येक वस्तू एकतर यंत्र आहे किंवा सॉफ्टवेअर, आणि बिघाड नेहमी माणसात असतो. नोकरीत असतानाच्या एका सकाळी आम्ही पेण स्थानकावर उभे होतो. रोह्याची गाडी समोर येऊन थांबली. यशवंतभाऊंच्या मोबाइलवर मात्र ती पेणहून केव्हाच सुटली होती.

“चला, गाडी आली,” मी म्हणालो.

“ती गेली,” मोबाइलवरून नजर न काढता ते म्हणाले. “ही दुसरीच कुठली तरी असंल. बसू नका.”

मी बसलो. ते बाकावर बसले आणि त्या दिवशी त्यांची शिफ्ट बुडाली. संध्याकाळी त्यांनी खुलासा केला, “अ‍ॅप बरोबर होतं, सर. गाडीनं अपडेट मारला नव्हता.”

अर्थशास्त्रातही त्यांची स्वतंत्र पद्धत आहे. ते धरमतरच्या पुलावर उभे राहून खाडीतले मालवाहू बार्ज पाहतात. बार्ज पाण्यात खोल बसलेला असेल तर माल भरपूर, माल भरपूर म्हणजे देश जोरात. एकदा सलग तीन बार्ज उंच तरंगताना दिसले. त्यांनी घरी येऊन मंदी जाहीर केली आणि नवा टीव्ही घेण्याचे रद्द केले. ते बार्ज माल उतरवून परत निघाले होते, हे मी नम्रपणे निदर्शनास आणले.

“मंग मंदी येऊन गेली म्हणायची,” ते म्हणाले. टीव्ही आला.

आता मूळ प्रश्नाकडे वळतो. सुमनवहिनी पेणजवळच्या जोहे गावातील एका गणपती कारखान्यात तीस वर्षे आखणी करीत आल्या आहेत. आखणी म्हणजे मूर्तीचे डोळे रेखाटणे; हे काम सर्वांत शेवटी आणि मोजक्याच हातांकडून होते. दोन वर्षांपासून वहिनींचा उजवा हात थरथरत होता. कारखान्याचा मालक दिनेश हा भला माणूस. तो चाचरतच म्हणाला, “काकी, यंदा आखणी दुसऱ्याला देऊ का? तुम्हाला त्रास नको.” घरी येऊन वहिनींनी आपले ब्रश धुऊन फडक्यात गुंडाळले आणि वरच्या फळीवर ठेवून दिले.

यशवंतभाऊ महिनाभर संगणकासमोर बसले. मूर्तीच्या चेहऱ्याचा फोटो काढला की दोन्ही डोळे मोजून निकाल देणारे एक अ‍ॅप त्यांनी तयार केले. “दिनेशला डेटा दाखवतो,” ते वहिनींना म्हणाले. “तुझा हात कसा हाय ते मशीन सांगंल. मशीन खोटं बोलत नाय गो.”

ठरल्या दिवशी मी साक्षीदार म्हणून एसटीने त्यांच्याबरोबर जोह्याला गेलो. वहिनींनी श्वास रोखून पाच मूर्तींचे डोळे रेखाटले. यशवंतभाऊंनी तिवईवर मोबाइल बसवला. पहिली मूर्ती: लाल खूण. डावा डोळा दीड मिलिमीटर खाली. दुसरी, तिसरी, चौथी, पाचवी: लाल, आणि तेवढाच फरक.

दिनेश जमिनीकडे पाहत म्हणाला, “काका, तुमच्याच मशीननं काकीला नापास केलं.”

यशवंतभाऊंचा चेहरा असा पडलेला मी प्रथमच पाहिला. पण मोजमापाची सवय त्यांच्या मदतीला आली. फळीवर नमुन्याची एक धुळकट मूर्ती होती. वहिनींनीच अकरा वर्षांपूर्वी, हात ठणठणीत असताना आखलेली. यशवंतभाऊंनी ती पुसली आणि मोबाइलसमोर ठेवली. लाल खूण. दीड मिलिमीटर.

“हे काय गो?” त्यांनी विचारले.

“अवो, तो डोळा मी मुद्दाम तसा ठेवते,” वहिनी म्हणाल्या. “माणूस पूजेला खाली बसतो न् आरतीला उभा राहतो. दोन्ही वेळेला देवानं एका तरी डोळ्यानं त्याच्याकडं बघायला नको?”

“मला कधी बोलली नायस.”

“तुम्ही कधी विचारलंत?”

मग यशवंतभाऊंनी मोबाइल तिवईवरून काढून खिशात ठेवला आणि म्हणाले, “दिनेश, मशीन चुकलं. पण अकरा वर्षांत हिचा हात तसूभर हललेला नाय, एवढं मात्र त्यानं खरं सांगितलं.”

“मंग काकी, सोमवारपासनं या,” दिनेश म्हणाला.

घरी परतल्यावर वहिनींनी चहा आणला. ब्रश धरताना स्थिर असलेला त्यांचा हात बशी धरताना थरथरत होता. थोडा चहा त्यांच्या बोटांवर सांडला. तो कोमट होता. यशवंतभाऊ खिडकीबाहेर पाहत राहिले. अर्ध्या कपाचा आणि तापमापकाचा अर्थ मला तेव्हा लागला.

वाचकांना एकच विनंती. घरी गणपती आले की मूर्तीसमोर आधी खाली बसावे, मग उभे राहावे, आणि दोन्ही वेळा ती आपल्याकडे पाहते का, हे स्वतः तपासून घ्यावे.