धम्मरत्नकाकांची पारख

गाडी पारखावी तर धम्मरत्नकाकांनीच! निदान काकांचं तरी तसंच मत होतं.

"इंजिनाची धडधड आयकून मी गाडीचा सारा इतिहास सांगतो, समू!" ते पुतणीला म्हणाले. दर रविवारी विहारात ते तितक्याच ठामपणे सांगायचे, की भुतंखेतं सब झूट!

समताला धाड गावातली ती विकाऊ, जुनी, काळी जर्मन गाडी हवीच होती. अशा गाडीची हौस मुळात तिच्या बाबांची. ते जाऊन तीन महिने झाले होते. त्यांचा फोन ती अजून रोज चार्ज करून पर्समध्ये ठेवायची.

गाडी विकणाऱ्या उकंडरावांच्या टिनाच्या शेडमध्ये भरदुपारी अंधार होता. उकंडराव चहा आणायला गेले. काकांनी टायरला लाथ मारली. "एक नंबर! डोळे झाकून घे!"

दोघं आत बसले. काकांनी गाडी सुरू करायचं बटण दाबलं आणि कोणी मागून ओढावी तशी त्यांची सीट सरकली! बुटके काका, पाय हवेत लोंबू लागले.

"काऊन सरकवली वं?"

"मी हात बी नाही लावला, काका."

समोरचा स्क्रीन उजळला. अक्षरं उमटली: कचरू मास्तर. समताच्या बाबांचं नाव!

"भ... भाऊ?"

चारही दारांतून एकदम बाबा खोकले. आधी दोनदा, मग घसा साफ. तोच खोकला!

"समू बेटा, आयकून राह्यली ना?"

काका दार उघडायच्या भानगडीत पडलेच नाहीत. खिडकीतून निघाले. अर्धे निघाले, पोट अडकलं! "भाऊ, माफ कर! तुही छत्री माह्याजवळच हाय! उद्याच वापस करतो!"

उकंडराव कपबशा सांभाळत धावत आले. "काय झालं? अहो, मास्तर दिवाळीनंतर गाडी पाहून गेले. सीट सोताच्या मापाची करून ठेवली, फोन जोडला, अन् बसून त्या फोनमंधी काहीबाही बोलत होते. कुठी हायेत ते?"

समतानं पर्समधून फोन काढला. गाडीनं तो ओळखला होता. त्यातलं बाबांचं रेकॉर्डिंग दारांतल्या स्पीकरवर चालूच होतं.

"...गिअर अटकते. खालून वेल्डिंग मारलेलं हाय. घ्याची नाही. अन् समू, धम्म्याले पाहाले आणू नोको. तो टायरले लाथ मारीन अन् एक नंबर म्हणन."

उकंडराव चहात बघू लागले.

"मले पहिलेच शंका आली होती," काका खिडकीबाहेरून म्हणाले.

गाडी घ्यायची नव्हती. तरी समता उतरेना.

"काका, अजून एक खेप आयकू?"

"आयक ना, माय. दहा खेपा आयक. पण पहिले मले बाहेर ओढ!"