गॅरंटी संपायच्या आत

मोजदादांनी नवं घर घेतलं ते एका वाक्यावर भाळून. माणसं बाल्कनीवर भाळतात, स्वयंपाकघरातल्या ओट्यावर भाळतात. मोजदादा कराराच्या चौदाव्या पानावर, अगदी तळाशी, मुंगीच्या पावलाएवढ्या अक्षरात छापलेल्या वाक्यावर भाळले. ताबा घेतल्यापासून एका वर्षात घरातलं जे काही बिघडेल, ते बांधणारा फुकट दुरुस्त करून देईल.

"चौदावं पान कुणी वाचतं का?" बायकोनं विचारलं. ती शाळेत शिकवायची आणि मुलांनी पहिलं पान वाचलं तरी तिला भरून यायचं.

"मी वाचतो," मोजदादा म्हणाले. "दोनदा."

मोजदादा कुलपांच्या कारखान्यात तपासनीस होते. शंभर कुलपांच्या पेटीतून एक उचलायचं, पाच हजार वेळा उघडायचं, पाच हजार वेळा लावायचं. टिकलं की पेटी पास. (उरलेली नव्व्याण्णव त्या एकाच्या पुण्याईवर पास.) मग प्रत्येक कुलपाच्या आत, कुणाच्या नजरेला पडणार नाही अशा जागी, आपल्या नंबराचा गोल शिक्का. मोजदादांचा नंबर सात. पुढे वरच्या पत्र्यावर कोणती कंपनी आपलं नाव कोरते, ते कुलूप कुठल्या दारावर जाऊन बसतं, याच्याशी त्यांना कर्तव्य नव्हतं. बावीस वर्षं हे काम करून त्यांना मोजायची अशी सवय लागली होती की जिने, घास आणि बायकोचे उसासे त्यांच्या मनात आपोआप मोजले जायचे. मोजदादा हे नाव कारखान्यानं ठेवलं आणि घरानं मंजूर केलं.

नवं घर घेतल्यापासून मोजदादा त्याचे फायदे भेटेल त्याला सांगत. नव्या घरात कुणाच्या जुन्या खिळ्यांची भोकं नसतात. नळ आपण पहिल्यांदा सोडतो, दिवा आपण पहिल्यांदा लावतो. आपल्याआधी त्या भिंतीला पाठ टेकून कुणी रडलेलं नसतं. (हे ते फार मनापासून सांगत, आणि खरं सांगायचं तर त्यात तथ्य होतं. कोऱ्या भिंतींकडे बघून माणसाला चांगलं वागावंसं वाटतं.)

एकच माणूस हे ऐकून घेत नसे. ती म्हणजे आई.

आई जुन्या घरात, तिसऱ्या मजल्यावर, एकटी राहायची. त्या घरातलं एकही दार सरळ लागत नव्हतं आणि लागलं तर उघडत नव्हतं. गेल्या महिन्यात ती जिन्यात घसरली. लागलं फार नाही, पण कुणीतरी येईपर्यंत तासभर पायरीवर बसून राहिली. तेव्हापासून मोजदादांना झोप नीट लागत नव्हती. नव्या घरातली तिसरी खोली त्यांनी तिच्यासाठीच ठेवली होती. अकरा महिने ती रिकामी होती.

"नव्याचे नऊ दिवस," आई फोनवर म्हणायची.

"नऊ नाही आई, तीनशे पासष्ट. लेखी आहे."

"आणि मी तिथे येऊन काय करू? तुमच्याकडे सगळं नवं. काही गळत नाही, काही अडत नाही. शोभेला ठेवायला फुलदाणी घ्या की एखादी."

शेवटी सुनेनं गळ घातली तेव्हा ती तयार झाली. आठ दिवस राहून बघणार. करमलं तर राहील. नाही करमलं तर परत जाईल, आणि मग कुणी पुन्हा हा विषय काढायचा नाही. रविवारी संध्याकाळी येते, म्हणाली.

त्याच रविवारी सकाळी चहा पिताना मोजदादांनी एक लहानसा निर्णय घेतला. घरातली सगळी मोठी संकटं अशाच वेळी जन्माला येतात, अर्धा कप चहा उरलेला असताना.

"गॅरंटीचे एकोणीस दिवस राहिले," ते म्हणाले.

"मग?"

"स्वयंपाकघराचं दार दिवसातून वीस वेळा वापरलं जातं. काय बिघडायचं ते बिघडलं असतं. आईच्या खोलीचं दार अकरा महिन्यांत अकरा वेळाही लागलं नसेल. ती राहायला येणार, वापर सुरू होणार, आणि विसाव्या दिवशी ते मोडणार. तेव्हा कोण येणार?"

"सुतार."

"आईला अडणाऱ्या दारांचाच कंटाळा नाही का आला आयुष्यभर? इथे तरी तिचं दार नीट चालायला हवं. वर्षभराचा वापर आज करून टाकायचा. पाचशे वेळा."

बायकोनं वह्यांच्या गठ्ठ्यावरून मान वर केली. "अहो, आवाज?"

"खालच्या काकूंना मी समजावून सांगेन." (सांगितलं नाही. तसं ते गेला आठवडाभर कपाटांच्या दारांची चाचणी रोज संध्याकाळी करत होते आणि तेव्हाही सांगितलं नव्हतं.)

नऊ वाजता चाचणी सुरू झाली. हळूच लावलेलं दार चाचणीत धरत नाहीत, त्यामुळे प्रत्येक वेळी दार असं आपटायचं की भिंतीवरचं कॅलेंडर एक उडी घ्यायचं. मोजदादा आपटत होते, बायको हॉलमध्ये वह्या तपासत होती आणि दर दहा धक्क्यांना एक रेघ ओढत होती. शंभरपर्यंत ती शांत होती. दोनशेला तिनं कानात कापूस घातला. तीनशेला तिनं एका मुलीच्या अचूक उत्तरावर फुली मारली.

"पुरे करा हो आता!" ती ओरडली. "माझं डोकं फुटायची वेळ आली!"

"फुटू दे!" मोजदादांनी खोलीतून ओरडून सांगितलं. "आईचा प्रश्न आजच्या आज निकालात काढायचा आहे!"

धाड.

इकडे आईला घाई झाली होती. एकदा जायचं ठरलं की तिला घरात बसवत नसे. संध्याकाळी यायची ती सकाळी अकरालाच रिक्षातून उतरली, हातात एक पिशवी, काखेत एक बोचकं. जिन्याच्या तोंडाशी पोचली आणि थांबली. वरून आवाज येत होता. धाड. धाड. मग सुनेचं ओरडणं, मग लेकाचं उत्तर, मग पुन्हा धाड.

आईच्या आयुष्यात दार आपटण्याचा अर्थ एकच होता. जुन्या घराची दारं फुगलेली. आपटायला अंगात तेवढा संताप लागायचा. चाळीस वर्षांच्या संसारात मोजदादांच्या वडिलांनी दार आपटलं ते फक्त दोनदा, आणि दोन्ही वेळा ते दोन दोन दिवस बोलले नव्हते.

तेवढ्यात खालच्या काकू दारात आल्या. "तुम्ही वरच्यांच्या आई का? बसा हो. आठवडाभर असंच चाललंय. रोज संध्याकाळी. आज तर सकाळपासून."

"कशावरून?" आईनं विचारलं, उत्तर माहीत असल्यासारखं.

"ते कसं सांगणार? पण तुमचं नाव ऐकू आलं."

आईनं पिशवी मांडीवर घेतली आणि काकूंच्या पायरीवर बसली. परतीची रिक्षा बोलवायला सांगावी की आधी पाणी मागावं, एवढंच ठरायचं राहिलं होतं.

वर चारशे बाराव्या धक्क्याला एक वेगळाच आवाज झाला. दार लागलं आणि आतली मूठ मोजदादांच्या हातात आली. बाहेरची मूठ हॉलमध्ये घरंगळत बायकोच्या पायाशी गेली.

"निघाली!" आतून जल्लोष झाला. "गॅरंटीत निघाली! बघ, मी म्हणत नव्हतो?"

"अभिनंदन. आता बाहेर या."

दार आतून दोनदा खडखडलं. मग जरा खाकरल्याचा आवाज.

"त्याचं काय आहे," मोजदादा म्हणाले, "खटका चौकटीत अडकला आहे. त्याची उतरती बाजू तुझ्याकडे आहे. माझ्या बाजूनं तो तत्त्वतः उघडत नाही."

"तत्त्वतः?"

"म्हणजे अजिबात."

खिडकीला जाळी होती (भक्कम, तिची चाचणी जूनमध्येच झाली होती). फोन हॉलमध्ये, हत्यारांची पेटीही हॉलमध्ये. इमारतीच्या इंजिनिअरला बायकोनं फोन लावला. रविवार असल्यामुळे तो उद्या सकाळी येतो म्हणाला. खाली कुणाकडे पेचकस मिळतो का बघावं म्हणून ती जिना उतरली, आणि सासूबाई पायरीवर दिसल्या.

"आई! तुम्ही कधी आलात? इथे काय बसलात?"

"अगं, मी निघालेच आहे," आई म्हणाली. तिचे डोळे ओले होते, पण आवाज ताठ होता. "माझ्यावरून तुम्ही दोघं भांडू नका. मला जुनं घर काही वाईट नाही. जिना जपून उतरेन."

"भांडतंय कोण? ते दाराची चाचणी घेत होते!"

"हो, हो. तुझे सासरेही असंच काहीतरी सांगायचे. तो कुठे आहे?"

"तुमच्या खोलीत."

"मग येऊ दे की त्याला खाली. आई आलीय म्हणावं."

"ते बाहेर येत नाहीत."

"बघ!" आई काकूंकडे वळली. "रुसलाय."

"येत नाहीत म्हणजे येता येत नाही, आई! कोंडले गेलेत!" सुनेनं मुठीत धरलेली दाराची मूठ पुढे केली.

आईनं ती मूठ उलटसुलट करून पाहिली. मग पिशवी सुनेच्या हातात दिली, पदर खोचला आणि जिना चढली. वर जाऊन दारासमोर उभी राहिली.

"अरे, आहेस का?"

"आई?" आतला आवाज एकदम दहा वर्षांचा झाला. "तू संध्याकाळी येणार होतीस ना? तोवर दार तपासून ठेवणार होतो गं. तुला त्रास नको म्हणून पाचशे वेळा..."

"किती झाले?"

"चारशे बारा."

आईनं तोंडावर हात धरला. हसू होतं की आणखी काही, ते सुनेला कळलं नाही. मग ती म्हणाली, "अगं, घरात उलथनं आहे का? पातळ पात्याचं."

"आई, त्यानं नाही होणार," आतून तपासनिसांचा सल्ला आला. "आधी खटक्याचा कोन..."

"तू दारापासून लांब हो. लहानपणी पण दारामागेच उभा राहायचास आणि नाकावर घ्यायचास."

आईनं उलथन्याचं पातं फटीत सरकवलं, पायानं दार खालून किंचित उचललं, कमरेचा एक धक्का दिला. टक्. दार उघडलं. चाळीस वर्षं फुगलेल्या दारांशी झगडलेल्या बाईला हे नवं दार म्हणजे पोरखेळ होता. आत मोजदादा हातात मूठ घेऊन उभे होते.

आईनं खोलीभर नजर फिरवली. कोऱ्या भिंती, नवी गादी, खिडकीतलं ऊन. मग बोचकं गादीवर ठेवलं आणि सोडायला घेतलं.

"चांगली आहे खोली," ती म्हणाली. "उलथनं इथेच राहू दे. तुमच्याकडे लागतंय वाटतं."

दुसऱ्या दिवशी इंजिनिअर आला. गॅरंटीचे अठरा दिवस बाकी, त्यामुळे मोजदादा छाती काढून उभे. चौदावं पान त्यांनी हातातच ठेवलं होतं. इंजिनिअरनं कुलूप खोललं, आतला तुकडा खिडकीशी नेऊन उजेडात धरला आणि मान हलवली.

"आतली स्प्रिंग कच्चीच आहे, साहेब. हे पास केलंच कसं? हा बघा शिक्का. सात नंबर."

मोजदादांनी चौदावं पान हळूच खाली केलं. बायको एकाएकी वह्या चाळू लागली.

"या सात नंबरवाल्याला," इंजिनिअर चिडून म्हणाला, "एकदा याच खोलीत कोंडून ठेवला पाहिजे. तेव्हा अक्कल येईल."

"कोंडला होता काल," आई गादीवरून म्हणाली. "मीच सोडवला."