लारीवरचा पहारा

"मोटाभाई, जरा ध्यान राखजो ने. बे मिनिटमां आव्यो," असं म्हणून गाऊनच्या लारीवाला आपली हातगाडी तशीच सोडून लहरीपुऱ्याच्या बाजारातल्या गर्दीत दिसेनासा झाला आणि समरजित शिर्के "हो हो" म्हणून बसला. हे "हो हो" त्याने विचार करून म्हटलं नव्हतं. सुभेदार पिलाजीराव शिर्क्यांचा मुलगा असल्यामुळे ते आपोआप तोंडातून पडलं होतं.

शिर्क्यांच्या घरात देवघर होतं, पण हुकूम पिलाजीरावांचा चालायचा आणि त्यातला पहिला हुकूम होता, बदली आल्याशिवाय पोस्ट सोडायची नाही. सहा वर्षांचा असताना अंबाल्याच्या स्टेशनवर "ट्रंकेवर बस, हलू नकोस," असं सांगून वडील चौकशीला गेले ते बऱ्याच वेळाने परतले. तोवर समरजितचं बसल्या जागी जे व्हायचं ते झालं, पण त्याने ट्रंक सोडली नाही. पिलाजीरावांनी हा किस्सा पुढे अख्ख्या पलटणीला अभिमानाने सांगितला. समरजितला तो प्रत्येक वेळी मान खाली घालून ऐकावा लागला.

आज तो थकलेला होता. दिवसभर बाजव्याला रिफायनरीच्या स्टोअरमध्ये पाइप आणि व्हॉल्व्ह मोजून त्याचे डोळे जड झाले होते. हातात भाड्याने आणलेला फेटा, मिशी आणि लाकडी भाला होता. सुभानपुऱ्यातल्या त्यांच्या सोसायटीच्या गणपतीत आज मुलांचं नाटक होतं आणि त्याची मुलगी पूर्वी त्यात राजाचा पहारेकरी होणार होती. सकाळी बायकोने, रूपालीने, दारातच अडवून सांगितलं होतं, "आज तरी वेळेवर या. मागच्या वर्षी शेजाऱ्यांच्या गॅसवाल्याची वाट बघत बसलात आणि इथे पोरीचा नाच संपून गेला. या वर्षी नाही आलात ना, तर पुढच्या वर्षी ती तुम्हाला बोलावणारच नाही."

ते खरं होतं, म्हणूनच समरजितला लागलं होतं.

दोन मिनिटं कधीच संपली. लारीवाला आला नाही, गिऱ्हाईकं मात्र आली.

"भाई, आ केटलानो?" एका बाईने गाऊन उचलून भाव विचारला.

"मारो नथी, बेन."

"तो कोनो छे?"

"खबर नथी."

"वेचवो नथी, तो ऊभा केम छो?"

आपण उभे का आहोत, या प्रश्नाचं उत्तर समरजित गेली चौतीस वर्षं शोधत होता. बाईला मात्र निराळाच संशय आला. विकायला तयार नाही म्हणजे माल साधा नसणार. "एक्सपोर्टनो लागे छे," तिने मागचीला सांगितलं. तेव्हा, नव्वदच्या दशकात, बाहेरच्या मालाचं नवं वेड लागलेलं होतं. बघता बघता लारीभोवती बायकांचा घोळका जमला. जितक्या वेळा समरजित "नाही" म्हणाला, तितका मालाचा भाव वाढत गेला. शेवटी एका गुलाबी गाऊनची एक बाही बाईच्या हातात आणि दुसरी त्याच्या हातात, अशी ओढाताण सुरू झाली.

"अय्या! समरजितभाऊ?"

समोर सोसायटीतल्या स्नेहलतावहिनी हार घेऊन उभ्या होत्या. तेव्हा घरोघरी व्हीआरएसची, स्वेच्छानिवृत्तीचीच चर्चा चालायची, त्यामुळे त्यांनी फार लांबचा विचार केला नाही. "रिफायनरी सोडलीत की काय?"

"नाही हो वहिनी, राखतोय फक्त. रूपालीला सांगा, येतोच मी."

स्नेहलतावहिनींनी सांगितलं, पण आपल्या पद्धतीने. "तुझ्या मिस्टरांनी नोकरी सोडून गाऊनचा धंदा काढलाय गं. चालतोय पण छान! गुलाबी मात्र एकच उरलाय." रूपाली मांडवातच डोक्याला हात लावून बसली. शेजारी बसलेले पिलाजीराव उठले. काठी घेतली आणि रिक्षात बसले.

लारीपाशी उतरल्यावर त्यांनी आधी गर्दी मागे हटवली, मग मुलाकडे वळले.

"चार्ज कुणी दिला?"

"लारीवाल्यानं."

"नाव काय त्याचं?"

"विचारलं नाही, आबा."

"बदली आली?"

"नाही."

"आणि तू हलला नाहीस?"

"नाही," समरजित कसाबसा म्हणाला. "पण आबा, पूर्वीचं नाटक..."

पिलाजीरावांच्या डोळ्यांत पाणी तरळलं. ते त्यांनी कडक आवाजात लपवलं. "शाबास. मी रिलीव्ह करतो तुला. पळ!"

समरजित पळाला. मांडवात पोचला तेव्हा नाटक फेट्या-भाल्यासाठी खोळंबलं होतं आणि सगळ्यांची आठवणीतली सगळी स्तोत्रं म्हणून झाली होती. त्याने पूर्वीला फेटा बांधला, मिशी चिकटवली, भाला दिला आणि पहिल्या रांगेत रूपालीच्या शेजारी अंग टाकलं. "आलात," एवढंच ती म्हणाली, पण तिने पदराने त्याच्या कपाळावरचा घाम टिपला. आयुष्यात पहिल्यांदाच आपण दोन्हीकडे पास झालो, असं त्याला वाटलं.

नाटक सुरू झालं. राजा आला, प्रधानावर ओरडला आणि निघून गेला. त्याच्यामागून पहारेकऱ्यानं जायचं होतं, पण पहारेकरी जागचा हलला नाही.

"पूर्वी, आत ये!" विंगेतून हेरंबकाका कुजबुजले. नाटक त्यांनीच बसवलं होतं.

पूर्वी ताठ उभी राहिली. पुढचा प्रवेश राणीच्या महालाचा होता, तिथेही पहारेकरी. त्यानंतरच्या घनदाट जंगलातही पहारेकरी. वाघ झालेला मुलगा तिला वळसा घालून गेला. लोक हसायला लागले आणि हेरंबकाकांचा आवाज चढला, "अगं, चाल ने आता!"

"आजोबा म्हणाले, बदली आल्याशिवाय जायचं नाही!" पूर्वी मिशीतून ओरडली. तिचा आवाज रडवेला झाला होता.

रूपालीने नवऱ्याकडे पाहिलं. "जा. तुमच्या घराण्याचं आहे हे."

समरजित स्टेजवर चढला. हा रोग आपल्यापाशीच थांबवायचा, हे त्याने पूर्वी जन्मली तेव्हाच ठरवलं होतं. "चल बाळा, काही होत नाही, सोडून दे," हे वाक्य त्याच्याकडे कधीचं तयार होतं. पण पूर्वीचे डोळे भरले होते आणि भाला मात्र सरळ होता. त्याला वाईट वाटलं आणि त्याहून जास्त अभिमान वाटला.

"मी रिलीव्ह करतो तुला," तो म्हणाला. "जा."

पूर्वीने भाला दिला आणि आईकडे पळाली. टाळ्या पडल्या. आता आपणही उतरावं, असं समरजितला वाटलं, पण पाय हलेनात. जंगलात ऑफिसच्या शर्टपँटमधला पहारेकरी भाला धरून उभा राहिला.

तेवढ्यात स्नेहलतावहिनी धावत आल्या. सोसायटीत फोन त्यांच्याकडेच होता. "समरजितभाऊ, तुमच्या आबांचा फोन आलाय पीसीओवरून! लारीवाला केव्हाचा आलाय, पण ते लारी देत नाहीयेत. म्हणतात, ज्यानं याच्याकडून चार्ज घेतला त्यानंच येऊन याला ओळखावं. तो माणूस रडतोय हो! आबा फोनवर होते तेवढा वेळ त्यालाच लारीवर उभा केला होता म्हणे!"

"चला लवकर!" रूपाली स्टेजखालून म्हणाली.

समरजित हलला नाही. त्याने बायकोकडे पाहिलं. लग्नाच्या बारा वर्षांत त्याने तिच्याकडे फारसं काही मागितलं नव्हतं.

"अहो, काय झालं?"

"बदली," तो खालच्या आवाजात म्हणाला.

रूपाली मिठाईवाल्याची मुलगी. तिच्या माहेरी आजवर कुणी कशावरही पहारा दिला नव्हता. तरी तिने पदर खोचला, स्टेजवर चढली आणि त्याच्या हातातून भाला हिसकावून घेतला. "जा आता. आणि येताना तो गुलाबी गाऊन घेऊन या. उरलाच असेल तर."

समरजित लहरीपुऱ्याच्या दिशेने पळाला. रूपालीही त्याच्यामागोमाग उतरायला निघाली, पण एका पायरीवर थबकली आणि परत जागेवर जाऊन ताठ उभी राहिली.

"मम्मी," खालून पूर्वीने मिशी काढून हात वर केला. "मिशी राहिली."

रूपालीने विंगेत पाहिलं, लोकांकडे पाहिलं. मग खाली वाकून मिशी घेतली आणि लावली.